आईच्या गाण्यातली घरघर

६ जाने. २००३, शारजा
रत्नागिरीहून नंदूचा फोन. सीडी लावली की आई डावा हात मांडीवर आपटते, तोंड वाकडं करते. "ताई, मागे मशीन चालल्यासारखी घरघर येते गं. तिला त्रास होतो. ती तेवढी काढ."
पॅरॅलिसिसनंतर आई एक शब्द बोललेली नाही. डॉक्टर म्हणाले, तिचीच गाणी ऐकवा, कदाचित जीभ वळेल. आहेत ती एवढीच, हळदीची. जुलैत ती व्हिजिटवर आली तेव्हा हॉलमध्ये काँप्युटरला माईक लावून घेतलेली. बाहेर आग. एसी बंद कसा करणार होते?

७ जाने.
घरघर काढणारं प्लगिन रेवाने मैत्रिणीकडून आणलं. इन्स्टॉल झालं म्हणतं, पण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या यादीत दिसत नाही. रीस्टार्ट. पुन्हा इन्स्टॉल. नाही. दिवस त्यातच गेला.
रे. शाळेतून आली. "राँग फोल्डर, मम्मा. इट लुक्स ओन्ली इन वन प्लेस." फाइल उचलून तिकडे टाकली, दिसलं. मला रडू आलं.
"इट्स जस्ट अ प्लगिन."
असेल.

९ जाने., गुरुवार
प्लगिनला आधी नुसती घरघर ऐकवायची. मग ते तसलं सगळं गाण्यातून वजा करतं. आई सुरू करण्याआधीचा तुकडा दिला. लावलं की सॉफ्टवेअर बंद. परत तेच. परत.
सु. मुसफ्फाच्या साइटवरून सुट्टीला आला, घरात स्वयंपाक नाही. "खलास, सोड आता. आवाज येतोय ना आईंचा?" अंडी त्यानेच केली. नवऱ्याला आठवड्यातून एकदा घरचं जेवण मिळतं आणि मी

१० जाने.
चाललं. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केल्यावर. घरघर गेली, मागे अगदी शांत. घाईघाईने सेव्ह करत गेले, त्याच नावांवर. वरच्या मजल्यावरचे जोशी उद्या रत्नागिरीला निघालेत, त्यांच्याकडे सीडी दिली. आज झोप लागेल.

१७ जाने.
नंदू: "एकदम क्लीन झालंय. पण आई भिंतीकडे बघत राहते. हातसुद्धा हलवत नाही आता. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो का गं?"
लावून ऐकलं. वाटतो. लांब ओढलेला सूर मध्येच विरतो, शब्दांची टोकं तेवढी उरतात. दहा तारखेला मी फक्त घरघर गेली की नाही तेच ऐकत होते.
रे. ने हेडफोन लावला. "इट थिंक्स आजी इज द नॉइज. सेम पिच आहे दोघांचा."
जुलै. मी म्हटलं होतं, कुणाची पेटी मागून आणू का? आई एसीकडे मान करून म्हणाली, "कशाला? हा बसलाय की सूर धरून. याच्याशीच जुळवून घेते." केवढ्या हसलो होतो.
आणि हात. गाताना ती मांडीवरच ठेका धरते. लहानपणापासून बघत आले. नंदूने मांडी म्हटलं तेव्हाही सुचलं नाही मला.
माझ्याकडे मूळ फाइल नाही. तिच्यावरच सेव्ह केलंय.
नंदूला फोन. म्हटलं, पहिली सीडी लाव, घरघरीची. तो म्हणाला, "अगं, नवी आली म्हणून ती परसात टांगली, भाजीवर पाखरं येतात ना. काढतो. पुसून बघतो."

१८ जाने.
शाल घेऊन एसी लावला आणि वर ती फाइल. घरघर तीच, त्याच सुरात. आई तिच्यावर यायला हवी. येते, दोन शब्द, मग नाही.
रे. दारात. "मम्मा, इट्स फ्रीझिंग. एसी का लावलाय?"
राहू दे म्हटलं. ती शालीत येऊन बसली.
नंदूचा फोन अजून नाही.