चाळीसपैकी सदतीस

३ जानेवारी
गाडी आली. इटलीहून, लाकडी खोक्यात. जगात फक्त चाळीस, आपली सदतिसावी. नुसता पैसा असून भागत नाही, कंपनी गिऱ्हाईक निवडून घेते. मला निवडलं. शाळेच्या टीममध्ये राखीव म्हणूनसुद्धा कुणी निवडलं नव्हतं.
मालकांच्या ग्रुपवर माणूस गाडीच्या नंबरानेच ओळखला जातो. मी आजपासून सदतीस. बाबांना सांगितलं. म्हणाले, मी ठेवलेलं नाव काय वाईट होतं?

५ जानेवारी
गाडीला ऊन सोसत नाही, ओल सोसत नाही. खाली एसी असलेली खोली एकच, बाबांची. रस्त्याकडची भिंत पाडून शटर बसवलं. बाबांना वर हलवलं. वर उजेड छान आहे, शिवाय जिन्यामुळे गुडघ्यांना व्यायाम. बायको म्हणाली, बाबा त्र्याऐंशीचे आहेत. गाडी दोन दिवसांची आहे, हे कुणी बघतच नाही.

१२ जानेवारी
बाबांचा हट्ट : एकदा बसव. चालवू नकोस हवं तर, नुसतं बसव. नोकरीभर बसच्या दांड्याला लोंबकळले, म्हणून सीटचं अप्रूप. समजू शकतो. पण सीटवरचं प्लास्टिक कंपनीचं आहे, ओरिजिनल. सुरकुती पडली तर?
वाढदिवसाला बसवीन म्हणालो. पक्कं.

२ फेब्रुवारी
आज अकरा नंबरचा स्वतःहून फोन! ग्रुपवर त्याचा शब्द शेवटचा. गाडीसोबत आलेल्या बॅटरी-चार्जरचं खोकं फोडलं नाहीस ना, म्हणाला. खोकं फुटलं की गाडीची निम्मी इज्जत गेली.
फोडणार नाही. बायको म्हणते, मग बॅटरी उतरेल. उतरेल कशी? गाडी चालवतंय कोण?

१९ फेब्रुवारी
बाबांचा वाढदिवस. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून वरच्या पायरीवर बसून होते. मी तयारच होतो. पण शर्टाच्या खिशाला पेन. ते म्हणाले, काढून ठेवतो. प्रश्न पेनाचा नाही, वृत्तीचा आहे. पुढच्या वर्षी नक्की.
केक आणला होता. बाबांनी खाल्ला नाही. गोड कमी केलं असावं.

८ मार्च, दुपार
बाबा जिन्यावरून पडले. एकटेच खाली येत होते. कशासाठी, ते सांगायला नको, असं बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. गाडी लगेच तपासली. कुठेही ओरखडा नाही. नशीब! मग हॉस्पिटलात गेलो.

१० मार्च
खुब्याचं हाड. डॉक्टर म्हणाले, आता बुटक्या सीटवर बसणं बंद. कायमचं. म्हणजे पुढच्या वर्षीचा प्रश्न परस्पर मिटला. बाबांना समजावून सांगितलं की आपली सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. विश्रांती हवीच.

२२ मार्च
ताई बाबांना तिच्या घरी घेऊन गेली. तिची ती जुनी उंच जीप, मागचं दार दोरीने बांधलेलं. बाबांना उशा लावून पुढे बसवलं. चक्क हसत होते. अशा गाडीत! जाताना ताई म्हणाली, तू बस आता राखण करत. बायकोही गेली बरोबर, चार दिवसांसाठी.

४ एप्रिल
बायकोचे चार दिवस अजून संपायचेत. घर मात्र शांत. धूळही कमी उडते.

९ एप्रिल, संध्याकाळ
गाडीत बसून लिहितोय. अकराला मालकाचा आत बसलेला फोटो हवा होता. किल्लीने दार उघडलं, बसलो, दार आपोआप लागलं. आतून उघडायला वीज लागते. बॅटरी पार उतरलेली.
काळजीचं कारण नाही. हाताशीच दोरी आहे, ओढली की दार सुटतं. फक्त दोरीवर कंपनीचं सील आहे.
ग्रुपवर विचारलं. तीन, अकरा, अठ्ठावीस, सगळे एकमुखाने म्हणाले : सदतीस, सील तोडू नकोस, धीर धर. एवढी आपुलकी घरात कधी मिळाली नव्हती.
बायकोला फोन लावला. ताईने उचलला. म्हणाली, हातोडी घेऊन निघतेच. नको नको म्हणून ओरडलो. काच मिळत नाही ही! मग फोन बाबांनी घेतला. रागावले नाहीत. म्हणाले, माझं तर राहिलंच, तू बसलायस तर सांग तरी, सीट कशी आहे रे?
खरं ते सांगितलं. कळत नाही, बाबा. प्लास्टिक आहे.