या नावाची बाई इथं राहत नाही

कराची,
२० जानेवारी १९६३

चि. सौ. जमनीस उकंडादादाचा आशीर्वाद अन् जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. छप्पन सालापासून तुले सत्यशीला म्हणा लागते, हे मले मालूम आहे. पण मी घर सोडलं तवा तू परकरातली जमनी होती, अन् हात तेच लिहिते. मास्तरीणबाईनं लाल शाईनं दुरुस्त करून घ्यावं.

पत्राच्या खाली आईचा निळा अंगठा होता. तो पाह्यला का मले वाटते आई समोरच बसून आहे. माह्या नलूनं त्याच्यावर आपला अंगठा ठेवून पाह्यला, तर अर्धाबी भरला नाही. पोरगी आठ वर्षांची झाली, अन् आजी म्हणजे तिच्यासाठी तेवढा अंगठाच आहे.

तू लिहिलं का आईच्या दोन्ही डोयात मोतीबिंदू उतरला, अन् उजव्यानं आता फक्त उजेड समजते. ते वाचून मले दोन दिवस गोदीत काम सुचलं नाही. बाबा वारले तवा सेहेचाळीस साली आलतो, तेच शेवटचं. तवा कराची अन् बोरी एकाच मुलखात होते. नोकरीपायी इथंच राह्यलो, इकडचा झालो, अन् आता माह्याच आईले भेटाले परवानगी मांगा लागते. परवा व्हिसाचा फारम भरला. कोणाले भेटाचं, तिचं नाव, जात, धर्म, गाव, सारं विचारते. जे होतं ते लिहून देल्लं. तिकडं चौकशी होईन अन् मंग हो का नाही ते सांगतीन.

आईची नजर पुरी जायाच्या आत तिनं माह्यं तोंड पाहावं, येवढंच पाह्यजे. तिले सांगजो. आपल्या जवाई भीमराजबुवाले जयभीम. जिनिंगमधल्या कापसानं त्याह्यचा खोकला वाढला असन, तर गूळ देत जाजो. वहिनीचा, म्हणजे कोकिळेचा, तुमाले साऱ्याईले नमस्कार.

माया ठेवजो.
तुहा दादा,
उकंडा


बोरी अरब,
१५ एप्रिल १९६३

ती. दादा यांस सत्यशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. लाल शाई संपली आहे, म्हणून तुमच्या चुका तशाच राहू दिल्या. पुढच्या खेपेला हात पुढे करून ठेवा, छडी तिकडे पाठवते.

काल जयंती झाली. आई पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसली होती. तिला नीट दिसत नाही, पण मिरवणुकीत कोण चाललं आहे ते ती चपलांच्या आवाजावरून सांगत होती, आणि निम्म्या वेळा बरोबर. तुमचा फॉर्म भरल्याचं सांगितल्यापासून रोज विचारते की उकंडा कोणत्या गाडीनं येईन, आणि त्याला आंबाडीची भाजी अजून चालते की तिकडे जाऊन जीभ बदलली.

एक गंमत लिहिते. मागच्या आठवड्यात दारव्ह्याहून पोलीस शिपाई सायकलवर आला आणि आमच्या वस्तीत उभा राहून, देवका महारीण कुठं राहते, असं आईचं नाव घेऊन ओरडू लागला. मी नुकतीच शाळेतून आले होते. माझं डोकंच फिरलं. सात वर्षं झाली नागपूरला दीक्षा घेऊन, आणि ह्याच्या तोंडी अजून महारीण. मला वाटलं, पूर्वीसारखं कोणाच्या तरी बेगारीला बोलावणं आलं असेल. मी त्याला ठणकावलं की या नावाची आणि या जातीची बाई इथं राहत नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि सही मागितली. मी चांगली मोठी सही करून दिली. आई आतून काहीतरी म्हणत होती, पण मी तिला गप्प बसवलं. यांनी ऐकलं तेव्हा म्हणाले की सरकारला छडी मारणारी बायको केली, आता माझं कसं होणार.

खाली आईचा अंगठा आहे. या वेळी तिनं जोरात दाबला, म्हणून थोडा पसरला.

आठवण काढत असावं.
आपली,
सत्यशीला


कराची,
२ जुलै १९६३

चि. जमनीस आशीर्वाद.

व्हिसा नामंजूर झाला. कारकुनानं कागद वाचून सांगतलं का तुम्ही देल्लेल्या पत्त्यावर देवकाबाई नावाची कोणी बाई राहत नाही, घरच्याच बाईची तशी सही आहे. जमने, तिथं उभ्या उभ्या मले वाटलं का आई गेली अन् तू माह्यापासून लपवून राह्यली. बाकावर जाऊन बसलो. मंग तुह्यं एप्रिलचं पत्र आठवलं. त्या गमतीवर मी अन् कोकिळा पोट धरून हासलो होतो.

काहून नाही विचारलं त्या शिपायाले का कायले आला म्हणून? तो माह्यासाठीच आलता. अन् आईचंबी नाव बदललं हे तू मले कधी लिहिलंच नाही. तू दर पत्रात आई लिहिते, मी आई वाचतो. मी फारमात लिहिलं देवकाबाई, जात महार, धर्म हिंदू. जशी मी सोडून आलतो तशी.

जाऊ दे. तुह्यावर रागावून आता काय होते. कारकून बरा माणूस होता. त्यानं सांगतलं का तहसिलीतून आईच्या अंगठ्याचा कागद पाठवा. मी देवकाबाई, या या जातीची, उकंडा माह्या पोटचा, येवढंच त्यात पाह्यजे. जे फारमात आहे तेच कागदात पाह्यजे, मंग दिवाळीच्या आत काम होते. नाव, धर्म बदलला म्हटलं तर सारी चौकशी नव्यानं, अन् तिले एक वर्ष लागन का दोन, ते तोबी सांगू शकत नाही.

लवकर कर. हात जोडतो.
उकंडा


बोरी अरब,
१० सप्टेंबर १९६३

ती. दादा यांस जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. माझ्या एका सहीनं हे झालं. दोन घास खाल्ले की तेच आठवतं. यांनी समजूत घातली, पण ती वरवरची.

परवा आईला एसटीनं दारव्ह्याला नेलं. तहसिलीबाहेर वामनराव म्हणून अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांनी कागद तयार केला आणि वाचून दाखवला. मी देवकाबाई, जात महार, धर्म हिंदू, असं सगळं. दादा, आईनं त्यावर अंगठा दिला नाही. ती म्हणाली की ज्या दिवशी आपण शपथ घेतली त्या दिवशी देवका संपली, आता माझं नाव यशोधरा आहे, आणि मुलाच्या भेटीसाठीसुद्धा मी मागे जाणार नाही.

तेव्हा तुम्हीच तिकडे नवा फॉर्म भरा. आई यशोधराबाई, धर्म बौद्ध. चौकशीला आता कोणीही येवो, मी त्याला पाटावर बसवून चहा देईन. उशीर होईल, पण खरं ते खरं लिहून होईल.

शाईचा पॅड सुकला आहे, म्हणून या पत्रावर अंगठा नाही.

राग मानू नये, एवढीच विनंती.
सत्यशीला


कराची,
८ डिसेंबर १९६३

चि. सत्यशीलेस अनेक आशीर्वाद.

पाह्य, या खेपेले बरोबर लिहिलं.

तुह्यं पत्र पाच बार वाचलं. पह्यलं रडू आलं, मंग लय अभिमान वाटला. आई असं बोलत असन हे मले कधी वाटलंच नव्हतं. मी तिले अर्ध्या भाकरीसाठी चूप राह्यताना पाह्यलं आहे. माह्या आधीचे दोन भाऊ जगले नाही, म्हणून जल्मल्या जल्मल्या तिनं मले उकंड्यावर टाकलं अन् उचलून आणलं, का मरणानं कचरा समजून सोडून द्यावं. ते नाव मी बदलत नाही, ते तिच्या भेवाचं नाव आहे. पण तेच भेव धरणारी बाई तहसिलीत ताठ उभी राह्यली. गोदीतल्या आपल्या साऱ्या लोकाईले मी हे सांगतलं. आता मीबी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं, अन् नवा फारम देल्ला.

उशीर होईन तर होऊ दे. आईनं सहन केलं तर मी कोण. फक्त पॅडले पाणी लाव अन् दुसऱ्या पत्रावर दोन अंगठे पाठवजो. नलू रुसली आहे.

तुहा दादा,
उकंडा


कराची,
२६ जुलै १९६५

चि. सत्यशीलेस आशीर्वाद.

भेटला व्हिसा. दीड वर्षानं का होईना. तीस दिवसांचा आहे, बोरी अरब अन् यवतमाळ सोडून कुठं जाता येत नाही, अन् आल्याबरोबर ठाण्यात हजेरी देणं आहे. गोदीतून रजा सप्टेंबरची भेटली. अकरा तारखेची बोट, मुंबईहून रेल्वे, मंग आपली गाडी. नलूले संग आणतो.

आईले आता काहीच दिसत नाही असं तू लिहिलं. हरकत नाही. माह्या डोक्यावर बैलगाडीतून पडल्याची खोक आहे, ती तिले हातानं सापडन. आंबाडी वाळवून ठेवजो.

उकंडा


बोरी अरब,
६ मार्च १९६६

दादा,

टपाल तिकडे जाऊ लागलं असं पोस्टमास्तर म्हणाले, म्हणून लिहिते. आई १९ नोव्हेंबरला गेली. लढाई लागली, बोट बंद झाली, हे तिला आम्ही सांगितलं होतं. आजार फार नव्हता. तिनं खाणं सोडलं होतं.

आता जे लिहायचं आहे ते अडीच वर्षांपूर्वीचं आहे. दारव्ह्याला आईनं नकार दिला नव्हता. वामनरावांचं वाचून संपायच्या आधीच तिनं अंगठा पुढे केला. मीच तिला म्हटलं की आई, यात महार लिहिलं आहे, हिंदू लिहिलं आहे. तर म्हणाली की नावाले काय चाटाचं आहे, कोन्याबी नावानं येऊ दे, मले पोरगं पाह्यजे. आणि अंगठा दिला. तुम्हाला जे लिहिलं ते सगळं माझं होतं. मला लाज वाटली होती, तिची. तेही लिहून टाकते.

कागद टपालात टाकायला माझ्याकडे होता. मी तो ट्रंकेत ठेवला. मला खरंच वाटलं होतं की खऱ्या नावानं चार-सहा महिन्यांत काम होईल आणि आई ताठ मानेनं तुम्हाला भेटेल. टाकला का, असं तिनं विचारलं, तर हो म्हटलं. पॅड सुकला नव्हता. तिचा अंगठा घेऊन ते पत्र लिहायला माझा हात धजला नाही.

त्यानंतर ती रोज दारव्ह्याची एसटी यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसायची. लढाईचं सांगितलं तेव्हाही तिनं एवढंच विचारलं की माह्या कागदाचं काय झालं. मरायच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली की कागदात काही चुकलं असन, दुसरा आण, मी पुन्हा अंगठा देतो. मी वहीचं कोरं पान तिच्यापुढे धरलं. तिला काय दिसणार होतं. तिनं त्यावर अंगठा दाबला आणि मग बरं वाटलं म्हणाली.

तो तहसिलीचा कागद सोबत पाठवते. कोरं पान माझ्याकडे राहू द्या. मी शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवते, अजूनही शिकवते, आणि मला माझीच किळस येते. यांना अजून सांगितलेलं नाही.

काय मागू ते समजत नाही.
जमनी


कराची,
३० मार्च १९६६

जमनीस,

पत्र भेटलं. कागद भेटला. मले वाचता आला नाही, कोकिळेनं वाचून दाखवला.

आई वाकली नाही, हे मी इथं साऱ्याईले सांगत होतो. अडीच वर्ष मी त्याच्यावरच काढले. रात झाली का मनाले म्हणो, माह्यी आई ताठ आहे, आपण कायले रडाचं. आता कोणाले काही सांगत नाही.

तू वाईट मनानं केलं नाही, हे मले समजते. तिले चांगलं नाव तूच देल्लं, तेबी समजते. पण मी दिवाळीच्या आत आलो असतो, जमने. उजव्या डोयानं तिले तवा उजेड समजत होता.

नलू आता अकरा वर्षांची झाली. तिनं त्या कागदावर आपला अंगठा ठेवून पाह्यला. आता जवळजवळ पुरा भरते.

लोभ तुटला नाही. पण येवढ्यात पत्र लिहू नको.

उकंडा