दाराजवळच्या कपाटातली पुस्तकं

चँडलर,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रुचा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तू अर्विंगला तुझ्या मैत्रिणीकडे, नेत्राकडे नीट पोचलीस आणि तिथूनच ऑफिसचं काम करते आहेस, हे शंतनूने सांगितलं. माझे फोन तू घेत नाहीस, कामात असशील. म्हणून पत्रच लिहायला बसले. हल्ली, त्यातून इथे अमेरिकेत, कोणी लिहीत नाही, पण शाळेत सिस्टरांनी दर शनिवारी पत्रं लिहून घेतली, ती सवय अजून हातात आहे.

नागपूरची म्हणून तू हट्टाने लावलेल्या संत्र्याच्या झाडाला यंदा अकरा फळं धरली. दोन पक्ष्यांनी खाल्ली, बाकीची मी उतरवलेली नाहीत. शंतनू सकाळी ओट्याशी उभ्यानेच कॉफी घेतो. पोहे केले तर "आई, कॉल आहे" म्हणतो आणि डबाही नेत नाही. नाशिकहून यांचा रोज फोन असतो. सूनबाई कशी आहे, विचारतात. मी म्हणते, बरी आहे.

आता पुस्तकांचं. रथसप्तमीच्या मंगळवारी जुन्या कपड्यांची गाडी यायची होती. मी कपड्यांच्या म्हणून ज्या दोन टोपल्या बाहेर ठेवल्या, त्यांत बहुतेक तुझी पुस्तकं होती. वर चादर होती, त्यामुळे कळलं नाही. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं. वय झालं की असं होतं. शंतनूचा यात काही दोष नव्हता. तू त्याला विचारलंस, तो चिडला, "पुस्तकांवरून एवढं?" म्हणाला, ते त्याचं चुकलंच. पण पुस्तकं काय, पुन्हा मिळतात.

सप्टेंबरपासून तुझी तब्येत नाजूक आहे. अशा वेळी माणसाने आपल्या घरी असावं. हळदीकुंकू छान झालं. मंडळातल्या सुमित्राताई अजून तुझ्या तिळाच्या वड्यांचं नाव काढतात.

माझं परतीचं तिकीट ३० मार्चचं आहे, नेमका पाडवा. त्याआधी ये.

तुझी,
आई

ता. क. स्वयंपाकघराच्या दारावर तू गवताचं काहीतरी टांगलं होतंस, ते दिसत नाही. साफसफाईत पडलं असावं.


चँडलर,
रविवार, १६ मार्च २०२५

प्रिय रुचा,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. त्या पत्रात वरची तारीख आणि संत्र्यांची संख्या एवढंच खरं होतं, तेव्हा उत्तर तरी कशाचं देणार?

आमच्या शाळेत ख्रिस्ती मुली शुक्रवारी पापनिवेदनाला जायच्या. आम्ही बाकीच्या व्हरांड्यात बसून त्यांची वाट बघायचो. जाताना रडवेल्या असायच्या, येताना उड्या मारत यायच्या. मला त्यांचा हेवा वाटे. मी आमच्या सिस्टर ऊनांना विचारलं होतं, आत जाऊन काय सांगतात? त्या म्हणाल्या, "जे सगळ्यांत शेवटी सांगावंसं वाटतं, ते सगळ्यांत आधी सांगायचं. बाकीचं मग आपोआप येतं." वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते करून बघते आहे, आणि बघ, तरी एक परिच्छेद यातच गेला.

हळदीकुंकवाच्या दिवशी, सात-आठ बायकांसमोर, मी तुझ्याबद्दल म्हणाले, "म्हणूनच तर या घरात पाळणा हलत नाही."

तू वड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. तू ऐकलंस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी तुझ्याकडे पाहिलं आणि मग सुमित्राताईंच्या साडीकडे पाहिलं. त्यानंतर तू प्रत्येकीला हळदीकुंकू लावलंस, वाण दिलंस, तिळगूळ दिलास. शेवटी माझ्यापाशी आलीस. तुझं बोट कपाळाला लागलं ते बर्फासारखं गार होतं. तू वाकलीस. आणि मी म्हटलं, अखंड सौभाग्यवती हो. आठ दिवसांनी तू बॅग घेऊन निघालीस, तेव्हाही मी दारात हेच म्हटलं.

शंतनूला वाटतं, तू पुस्तकांसाठी गेलीस. गेला महिनाभर मी त्याला तसं वाटू दिलं. तो जेवताना म्हणतो, "आई, चौदा पुस्तकांसाठी कोणी घर सोडतं का?" आणि मी त्याच्या पानात आमटी वाढते.

आता क्रमाने सांगते.

त्या सकाळी घर आवरताना मला तुझ्या वरच्या खोलीतल्या फळीची धास्ती वाटली. मंडळातल्या बायका घर बघायला वर जातात, हे मला ठाऊक होतं. जादूच्या विधींचं ते हिरवं जाड पुस्तक, शिंगं असलेल्या देवाचं चित्र, त्या परक्या देवींची पुस्तकं, आयर्लंडच्या टेकड्यांखाली राहणाऱ्या लोकांच्या गोष्टी. मी सगळी दोन टोपल्यांत भरली, वर चादर घातली आणि खाली दाराजवळच्या कपाटात ठेवली. दारावरचा गवताचा क्रूसही काढून त्यातच टाकला. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कोणीही गेलं नाही. सुमित्राताईंनी पर्स ठेवायला म्हणून दाराजवळचं कपाट उघडलं.

"अगबाई, सुलेखाताई, दुकान काढताय का?" त्या म्हणाल्या आणि हिरवं पुस्तक वर काढलं. "सेरेमोनियल मॅजिक. म्हणजे काय हो, बाहुलीला टाचण्या?"

"दिवसा कोडिंग आणि अमावास्येला करणी," कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही हसले. सुनेचीच ना, असं त्यांनी विचारलं. हो, एवढंच सांगून मला थांबता आलं असतं. पण त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या हसण्यात आपण नको, एवढंच मला वाटलं. म्हणून मी ते वाक्य बोलले. रुचा, ते मी रागाने बोलले असते तरी बरं होतं. मी ते विनोद म्हणून बोलले.

मंगळवारी तू ऑफिसला गेल्यावर मी टोपल्या बाहेर ठेवल्या. चादरीखाली काय आहे ते मला पूर्ण माहीत होतं. ती पुस्तकं दिसली की माझंच वाक्य मला ऐकू यायचं, म्हणून ती घरात नको होती. संध्याकाळी तू विचारलंस, "आई, तुम्ही पाहिलीत का?" मी म्हटलं, नाही गं. हातात भाजीची सुरी होती. मी मेथी निवडत राहिले. मेथीला सुरी लागत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल.

पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मी शेजारच्या प्रीताला म्हटलं, ती कपड्यांची गाडी जिथे माल नेते, त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मला घेऊन चल. ती इथेच जन्मलेली, मराठी समजतं पण बोलत नाही. गाडीत म्हणाली, "मावशी, आर यू शुअर? यू वाँट दि विच बुक्स?"

म्हटलं, हो. सगळी.

"कूल," ती म्हणाली. तिने एवढंच विचारलं. तुझ्याशी आमच्यापैकी कोणीतरी असं बोलायला हवं होतं.

चार खेपा झाल्या. दुकानातला माणूस आता मला ओळखतो. पाठीमागच्या पेटाऱ्यांतून काही निघालं की बाजूला काढून ठेवतो, आणि मी दारात दिसले की मोठ्याने सांगतो, मॅम, तुमची जादूची पुस्तकं. पहिल्यांदा मी इकडेतिकडे पाहिलं होतं, ओळखीचं कोणी नाही ना म्हणून. आता बघत नाही. चौदांपैकी नऊ मिळाली. हिरवं मिळालं. चांदण्यांच्या पुठ्ठ्याचं नाही मिळालं, आणि क्रूस तर कुठला मिळायला.

मिळालेली मी वाचते आहे. तुला न विचारता, हेही आलंच. हिरव्या पुस्तकात विधी कसा करावा ते दिलं आहे. आधी पाण्याने शुद्ध व्हायचं, भोवती वर्तुळ आखायचं, चारी दिशांना हाक मारायची, दिवा लावायचा, देवतेला बोलवायचं, आणि काम झाल्यावर तिला मानाने निरोप द्यायचा. वाचता वाचता मला आचमन, दिग्बंध, आवाहन, विसर्जन असे एकेक शब्द आठवत गेले. त्या दिवशी सकाळी मीही दारात वर्तुळ आखलंच होतं, रांगोळीचं. आखून झाल्यावर आत येऊन तुझी पुस्तकं लपवली.

आणि एक गोष्ट मी त्या बायकांनाच काय, तुलाही कधी सांगितली नाही. तू टांगलेला क्रूस कसला, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एक फेब्रुवारी, ब्रिजिदचा दिवस. सिस्टर ऊना आयर्लंडच्या. दर वर्षी त्या दिवशी आम्हाला नदीकाठचे लव्हाळे आणायला लावत आणि मधे चौकोन, चार बाजूंना चार हात, असा क्रूस विणायला शिकवत. संत ब्रिजिदची गोष्ट वर्गात सांगत. मग दार ओढून घेऊन, हळू आवाजात, तिच्याही आधीच्या ब्रिजिदची. ती देवी होती, चुलीची, कवितेची, बाळंतिणींची. "हे मदर सुपिरिअरना सांगू नका," म्हणत. आम्ही कोणी सांगितलं नाही.

मी तो क्रूस भीत भीत घरी नेला होता. माझी आई चौथी शिकलेली, सोवळंओवळं पाळणारी. तिने विचारलं, "कशासाठी असतो गं?" म्हटलं, घराला आग लागू नये म्हणून. तिने तो चुलीवरच्या खिळ्याला टांगला. "बाईमाणसाचीच देवी ना? राहू दे," म्हणाली. धुराने काळा होऊन गळून पडेपर्यंत तो तिथे होता. आणि मी, इंग्रजी शाळेत शिकलेली, तुझा क्रूस कपड्यांच्या टोपलीत टाकला.

देवींच्या पुस्तकात ब्रिजिदच्या पानावर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बाळंतिणींना आणि बाळांना ती सांभाळते, असं जिथे लिहिलंय तिथे समासात तू लिहिलं आहेस, "आपली सटवाई?" आणि त्याखाली बारीक अक्षरात, १९ सप्टेंबर.

ते वाचून मी पुस्तक मिटलं. सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, ही गोष्ट तुझ्याच डोहाळजेवणात सांगायची मी ठरवलं होतं. तो दिवस आलाच नाही, त्याआधीच बाळ गेलं. मी ऑक्टोबरमध्ये आले ती तुला सोबत म्हणून. तू जाईपर्यंतच्या चार महिन्यांत तुला एकदाही विचारलं नाही, तुला त्याची आठवण येते का. पथ्याचं केलं, मालिश केलं, 'होईल पुन्हा' म्हटलं. तू ते विचारायला कुठल्याकुठल्या देवींच्या दारी गेलीस, कारण शेजारच्या खोलीत बसलेल्या बाईला विचारण्याची सोय नव्हती.

काल प्रीताने कालव्याकाठून गवत आणून दिलं. लव्हाळ्यासारखं मऊ नाही, हात कापतं. तरी पन्नास वर्षांनी बोटांना आठवलं. घडी, वळसा, घडी, वळसा. एक हात जरा आखूड झाला आहे. तुझ्या स्वयंपाकघराच्या दारावर, त्याच खिळ्याला, टांगला आहे. तुला नको असेल तर काढ, तो तुझा हक्क आहे. पुस्तकं पेटीत भरली आहेत. अर्विंगला पाठवायची की इथेच फळीवर लावायची, ते तू सांग. संत्र्याला आता फुलं आली आहेत, मागचं दार उघडलं की वास आत येतो.

सुमित्राताईंना मी फोन केला. सांगितलं की त्या दिवशी मी खोटं आणि हीन बोलले, आणि ती पुस्तकं आता मीही वाचते. त्या म्हणाल्या, "सुलेखाताई, बरं वाटत नाही का?" म्हटलं, थोडं थोडं वाटायला लागलंय.

राहिला शंतनू. तोंडाने सांगायला तीनदा गेले आणि तीनदा त्याला अजून काही वाढू का, विचारून परत आले. हे पत्र टपालपेटीत टाकायला मी त्याच्याच हातात देणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. वर लिहिलं आहे, आधी तू वाच.

ये असं मी म्हणणार नाही. तो हक्क माझा राहिला नाही. तीस तारखेला मी जाते आहे, त्यानंतर हे घर तुमच्या दोघांचं आहे, एवढंच कळवते. आशीर्वाद लिहायला पेन उचललं होतं, पण या वेळी आशीर्वाद मागणारी मी आहे. 'आई' अशी सही पुन्हा करायची की नाही, ते तुझ्या उत्तरावर, म्हणून तोवर

नुसती,
सुलेखा