आईचं सरळ बोट

प्रिय बुटके,

तू आता माझ्यापेक्षा उंच झालीस, तरी हे नाव काही सुटायचं नाही. परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, खरं सांग, मला चित्र येतं का?" आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. चित्रकला शिकवण्याचा पगार घेणाऱ्या बाईला सख्ख्या बहिणीच्या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर देता येऊ नये, हे कसं झालं ते सांगते. जरा लांबण लागेल. एका बैठकीत वाच.

आमच्या कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन झालं. तसलं एक तू पूर्वी पाहिलेलं आहेस. मी शिकत होते तेव्हा आई-बाबांचा हात धरून आली होतीस. आता थाट आणखी वाढलाय. काचेचं दार आपोआप उघडतं, आत कॉफीचं यंत्र आणि नव्या रंगाचा वास, आणि भिंतभर अक्षरं : 'तुमच्यातला कलाकार इथे जन्म घेतो.' पुढच्या वर्षी मुलांना घालायचं म्हणून पालक त्याच दिवशी येतात. चित्रं बघतात, माना डोलावतात आणि तिथल्या तिथे प्रवेश पक्का करतात. म्हणजे हे प्रदर्शन मुलांसाठी नसतंच, दुकानाची ती दर्शनी काच आहे. हे मला आधीही कळत होतं. पण काचेत ठेवलेला माल तरी अस्सल असेल अशी माझी समजूत होती.

प्रदर्शनाच्या आधी मुलांकडून चित्रं गोळा करतात. मागे माउंटचा पुठ्ठा लावायला, असं सांगतात. मग मोठ्या स्टुडिओचं दार बंद होतं. विद्यार्थिनी असताना मीही चित्र देऊन निमूट घरी यायचे, गेल्या वर्षापर्यंत हंगामी होते म्हणून मला आत घेत नव्हते. यंदा कायम झाले, तर विभागप्रमुखांनी स्वतः बोलावलं. त्यांना मुलं 'खोडरबर' म्हणतात, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, खोडरबर असतं. आत गेले तर आमचे सगळे शिक्षक बाह्या सरसावून मुलांच्या चित्रांवर ओणवून बसलेले. कुणी सावल्या गडद करतंय, कुणी वाकडी खिडकी सरळ करतंय. एक मॅडम बिस्किट खात खात कुणाच्या तरी आजीला नवं नाक काढत होत्या. या कामाला त्यांच्यात 'हात फिरवणं' म्हणतात. जसा आई ताप आलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवते तसा, असं वाटावं इतकं मायेनं म्हणतात. खोडरबर माझ्या हातात कोळशाची कांडी देत म्हणाले, "तुझी रेघ चांगली आहे, तू माणसं घे."

मी कांडी घेतली नाही. म्हटलं, सर, मुलांना कळलं तर? ते हसले. "कळतं की! पण आजवर एकानंही तक्रार केलेली नाही. फोटो सुंदर आला तर तो परत कोण करतं?" मग माझ्यासमोरचं चित्र त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.

ते पहिल्या वर्षातल्या एका मुलीचं होतं. तिचे वडील बस चालवतात. पाळी संपवून घरी आले आणि खुर्चीतच झोपले, तेव्हाचे तिनं काढलेले. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, मान मागे पडलेली आणि तोंड आ वासलेलं. हाताचं प्रमाण चुकलं होतं, खुर्चीला तर बहुधा तीनच पाय होते. पण बुटके, त्या उघड्या तोंडातून घोरणं ऐकू येत होतं गं! त्या माणसाला उठवू नये, दिवा मालवून हळूच बाहेर जावं असं वाटत होतं. खोडरबरांनी ते तोंड मिटवलं. नुसतं मिटवलं नाही, ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू ठेवलं. दुसऱ्या पायातही मोजा घातला. आणि कागद लांब धरून म्हणाले, "आता कसा माणसात आला!" मला शिसारी आली. आपल्या ताटातला घास कुणीतरी चावून परत ठेवावा तशी. मी बाहेर जाऊन हात धुतले. खरं तर त्या हातांनी काहीच केलं नव्हतं.

प्रदर्शनात त्याच चित्राला बक्षीस मिळालं. ती मुलगी वडिलांना घेऊन आली होती. इस्त्रीचा शर्ट, ओले करून विंचरलेले केस. लोक त्यांना चित्राशेजारी उभं करून फोटो काढत होते, "अगदी हुबेहूब!" म्हणत होते. मुलगी मात्र चित्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, बाबांचं तोंड उघडं होतं ना?" तिला खरंच शंका आली होती गं. स्वतःच्या डोळ्यांची. तेवढ्यात वडील म्हणाले, "मिटलंस ते बरं केलंस बाई, चारचौघांत घोरताना कशाला दाखवायचं बापाला!" सगळे हसले. मी म्हटलं, "होतं. उघडंच होतं. मी पाहिलंय. आणि ते चित्र याहून चांगलं होतं." जरा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण आजूबाजूचे पालक वळून बघायला लागले.

लगेच केबिनमध्ये बोलावणं. खोडरबर चिडले नाहीत, त्याचीच जास्त किळस आली. माझ्यासाठी कॉफी मागवली. म्हणाले, "तू हुशार आहेस, पण भाबडी आहेस. तुझ्या आईच्या हातांचं ते चित्र, पदक मिळालेलं. त्यातलं बोट कुणी सरळ केलं असं वाटतं तुला?"

कॉफी तशीच राहिली. तुला आठवतं का, माझ्या पदवीच्या दिवशी आपण सगळे स्वागतकक्षातल्या त्या चित्राखाली उभे होतो? शिवणाच्या मशीनवर आईचे दोन हात. चित्र उंचावर, काचेमागे, वर दिव्याची तिरीप. बाबा दिसेल त्याला सांगत होते, आमच्या घरातली पहिली पदवी आहे ही. आणि तू, दोन वेण्यांची, माझा दुपट्टा ओढत म्हणालीस, "ताई, आईचं बोट वाकडं आहे ना? इथं सरळ कसं?" मी म्हटलं, "गप्प गं, दिव्यामुळे तसं दिसतं." मला खरंच तसं वाटलं. पदक गळ्यात होतं, वर बघायला फुरसत कुणाला होती? नंतर रोज त्याच्याखालून कामावर गेले. आईचं ते बोट दारात चेमटून वाकलेलं, ते तसंच काढायला मी किती कागद फाडले होते! त्या साऱ्या खोलीत फक्त तुला दिसलं.

आता तुझं चित्रांचं फोल्डर. तू पाठवलंस तेव्हा वर चिठ्ठी होती, "ताई, तुमच्या सरांना द्यायच्या आधी तू एकदा हात फिरव." तुला बिचारीला काय माहीत! ते फोल्डर आजवर माझ्या टेबलावर पडून होतं आणि मला ते उघडवत नव्हतं, कारण उघडलं की माझा हात नुसता शिवशिवतो. इतकी वर्षं या इमारतीत काढल्यावर माझ्या डोळ्यांना वाकडं ते चूक दिसायला लागलंय. म्हणून तुला येतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणाला विचार, माझ्यासारख्याला नको.

आणि हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते शेवटी सांगते, आधी सांगितलं असतं तर तू बाकीचं रागानं वाचलं असतंस. इथे कर्मचाऱ्याच्या भावंडाला परीक्षेशिवाय जागा मिळते आणि फीही माफ असते. ती जागा तुझी होती, घरात सगळे तीच धरून चालले होते. ती माझ्या नोकरीला बांधलेली होती, आणि आज सकाळी मी राजीनामा दिला. तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तू हो म्हणाली असतीस तर मी थांबले असते, ही भीती होती. सरकारी कॉलेजची परीक्षा उन्हाळ्यात आहे. तिथे तुला कुणी ओळखत नाही, मलाही नाही. आईला, नोकरी गेली असं सांगू नकोस, सोडली म्हण. निघताना शिपायाकडून शिडी मागून आईचे हात भिंतीवरून उतरवले. स्वागतकक्षातली मुलगी विचारत होती, कुणाच्या परवानगीनं? आईच्या, म्हटलं. काच काढून पाहिलं. त्या बोटापाशी कागद घासून घासून पातळ झालाय, उजेडात धरला की आरपार दिसतो. ते चित्र आणि तुझं फोल्डर एकाच खोक्यात घालून दुपारी कुरिअरला दिलं. तुझ्या एकाही रेघेला मी हात लावलेला नाही.

तुझीच,
ताई