कावळ्याने नेलेल्या दोन खोल्या

प्रिय दादा,

बुधवारी, तुझ्या दहाव्याला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी नदीच्या घाटावर तू माझं घर घालवलंस. सगळे म्हणतात, तो तूच होतास. म्हणून तुलाच लिहिते आहे.

तुझ्या पिंडाला कावळा शिवेना. समोरची बाभळ कावळ्यांनी भरलेली, पण एक खाली उतरेल तर शपथ! वहिनीने गाई विकणार नाही म्हणून सांगितलं. तुझ्या विलासने धाकट्या बहिणीचं लग्न थाटात लावायचा शब्द दिला. कुणी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी भजी, कुणी जिलेबी. पेठेहून आलेले पाहुणे घड्याळ बघत म्हणाले, "दादा जित्तेपणी तरी कुठं येळेवर जेवायचा, राव." लोक हसले. मीही हसले.

मग विलास माझ्याकडे वळला. "आत्या, तुमच्या दोन खोल्यांपायी अडलंय त्यांचं. बोला काय ते. लोक लई वेळचे उन्हात हायेत."

आपल्या बापूंनी जाण्याआधी वाड्यातल्या त्या खोल्या माझ्या नावावर केल्या तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठवतं? "बाय, रिटायर झाली की हितंच ये. तुला कोण ऊठ म्हणायचं न्हाई." लग्न नाही, पुण्यात घर नाही. त्या बोलण्यावर विसंबून सामान घेऊन आले. आणि आता सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, "दादा, खोल्या विलासला दिल्या."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. भातावर चोच मारली, वर जिलेबी उचलली. बायका डोळे पुसत मला म्हणाल्या, दादाचा लई जीव व्हता तुमच्यावर.

दुपारी विलास मोजायची टेप घेऊन आला. माझ्या खोल्यांत त्याला कांदा साठवायचा आहे. मी म्हणाले, कावळ्याला भूक लागली होती, एवढंच. तो शांतपणे म्हणाला, "मंग आमचे दादा कुठं गेले, आत्या?"

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी मला इतकं पाठ करून घेतलं, त्यात हे नव्हतं.

आत्या शब्द फिरवणार, असं गावभर झालं आहे. वहिनी चहा उंबऱ्याबाहेर ठेवून जाते. संध्याकाळी पत्र्यावर कावळा बसला की मी त्याच्यात तुझी एखादी लकब शोधते. ह्या वयात!

मंगळवारी जुन्नरला बक्षीसपत्रावर सही आहे. त्याआधी सांग, तो कावळा तू होतास का? हॉस्टेलवर तुझी पोस्टकार्डं यायची, त्यामुळे तुझं अक्षर मी कुठेही ओळखीन. "नव्हतो" एवढंच लिही. विलासला कांद्यासकट बाहेर काढते.

उत्तर आलं नाही तर सही करीन, हा माझा शब्द. तो नुसताच कावळा होता म्हणून खोल्या वाचवायच्या, तर तू कुठेच नाहीस हेही मान्य करावं लागेल. ते माझ्याच्याने होणार नाही.

मंगळवार, सकाळी अकराच्या आत. उत्तर लेखी हवं. कावळा पाठवू नकोस.

तुझी,
बाय