चाळीस रोपं सदाफुलीची

४ मार्च

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आमच्या रोपवाटिकेच्या गाडीवाल्याबरोबर सदाफुलीची चाळीस रोपं पाठवलीत. ही तुझ्या कुंडीतली नव्हे, जमिनीवर सरपटणारी जात आहे. घरामागे झाडांच्या सावलीत तुझं गवत दरवर्षी मरतं ना, तिथे लाव. माती वीतभर उकर, कुजलेला पाला मिसळ, दोन रोपांत हातभर अंतर ठेव. फांदी टेकेल तिथे मूळ धरते. पहिलं वर्ष पाणी घाल, तण काढ; मग बारा महिने हिरवीगार. अगदी तुझ्यासारखी हट्टी!

बाबांचा हात अजून तुझ्यावर उठतो का? तेवढं सोडून तू सगळं लिहितेस. माझ्याकडची खोली रिकामीच आहे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
चिमणी

२९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सहा रोपांनी मान टाकली, बाकीची तरारलीत. तुझे बाबा म्हणाले, फुलं लावायचं वय गेलं तुझं. मी हसण्यावारी नेलं.

विचारलंस म्हणून लिहिते. हो, उठतो. रविवारी चहा गार झाला म्हणून माझं डोकं दारावर आपटलं. भुवईला तीन टाके पडले. पण पस्तीस वर्षांचं घर असं कसं सोडू? तू जिवाला लावून घेऊ नकोस, वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई

१७ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, डाव्या हाताने लिहितेय.

मंगळवारी सकाळी मी तण काढत होते. यांनी दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकू आली नाही. आले ते मुठी भरभरून रोपं उपटायलाच लागले. आत्ता कुठे मुळं धरलीत, राहू द्या, असं मी म्हटलं. त्यांनी फावडं उचललं आणि दांडा माझ्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग पातं माझ्याकडे करून पुन्हा उगारलं. मी बाजूला झाले, पातं झाडाच्या बुंध्यात रुतलं. ते मी डाव्या हाताने ओढून काढलं आणि त्यांच्या गुडघ्यावर मारलं. ते कोसळले, विव्हळायला लागले. तरीही मी पुन्हा मारलं. शेजारीण किंचाळली नसती तर थांबले असते का, ठाऊक नाही.

त्यांचा पाय दोन ठिकाणी मोडलाय. दवाखान्यात पोलीसबाई आल्या, तेव्हा हे म्हणाले, पायरीवरून घसरलो. बायकोने मारलं हे सांगायची लाज वाटली असेल. मी मात्र सगळं सांगितलं, त्यांचा घाव आणि माझे दोन्ही. बाईंनी ते लिहून घेतलं, मला सही जमेना म्हणून अंगठा घेतला. पुढे बोलावतील तेव्हा जाईन.

शनिवारच्या सकाळच्या बसने निघतेय. त्या दुसऱ्या घावाची मला रोज भीती वाटते, चिमणे. तुला आईबद्दल काहीही वाटलं, तरी घ्यायला ये.

तुझी,
आई