खांद्यावरचं औषध

रत्नागिरी, बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजश्री,

काल, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तुझ्या संशोधन केंद्राच्या दारापर्यंत मला पोचवायला आलीस आणि पाठीवर हात ठेवलास. घरी येऊन मी पुन्हा अंघोळ केली. साठ वर्षांच्या मैत्रीत तुझी किळस पहिल्यांदाच आली. मी एकच विचारायला आले होते, आमच्या ह्यांच्या ट्यूबमध्ये खरं औषध होतं की नव्हतं.

गणपतीनंतर तू जेवायला आलीस, तिसऱ्यांचं कालवण दोनदा मागून घेतलंस आणि माझ्याच पानावर बसून ह्यांना विचारलंस, हल्ली थकवा येतो का. चाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस, बायकोपुढे कधी कबूल करणार नाही, डॉक्टरीणबाईंपुढे लगेच केलं. पुरुषी हार्मोनच्या जेलने म्हाताऱ्या पुरुषांची ताकद वाढते का, हा तुझा अभ्यास, त्यात ह्यांना घेतलंस. निम्म्यांना खरं जेल, निम्म्यांना नुसतंच. कोणाला काय, ते तुझ्या कपाटातल्या सीलबंद पाकिटात. हे रोज सकाळी खांद्यांना चोळायचे आणि मला सांगायचे, सांधेदुखीचं मलम आहे. मी चोळून द्यायला गेले तर दार लावून घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी लाज.

त्याच कपाटात तुझी दुसरी फाईल आहे, लहान मुलांच्या दम्याची. तिच्यात माझी नात राही. तुझी नर्स मालन घरी येऊन भिंतीची ओल, चुलीचा धूर, शेजारचं मांजर, सगळं लिहून गेली. पंप कसा ओढायचा ते तिने पोरीला नीट शिकवलं, तेवढं श्रेय देते. पण त्याच कागदावर, ज्याची प्रत ती आम्हाला देऊन गेली, तिने लिहिलंय, धाप लागली की मूल पडवीत आजोबांच्या उघड्या खांद्यावर डोकं टेकून बसतं. दोन फायली, एकच पत्ता, आणि तुमच्यापैकी एकीलाही त्या शेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या नाहीत.

जेलचं माहितीपत्रक मला परवा सापडलं. सगळं इंग्रजीत. ह्यांना इंजिनापुरतं इंग्रजी येतं. खाली ह्यांची सही मराठीत. आठव्या पानावर लिहिलंय, जेल लावलेल्या कातडीला मुलांचा स्पर्श होऊ देऊ नये. घरात इंग्रजी वाचणारी मी, आणि मलाच ते कोणी दाखवलं नाही.

काल मी घरात लहान मूल आहे एवढंच सांगितलं आणि पाकीट उघडायला सांगितलं. तू म्हणालीस, "एका घरासाठी अख्खा अभ्यास मोडता येत नाही गं."

तुझ्या केंद्रात काम करणाऱ्या पोरींसमोर मला सांगवलं नाही, ते आता लिहिते. रविवारी राहीला अंघोळ घालताना तिच्या जांघेत केस दिसले. काळे, राठ. ती पाच वर्षांची आहे. शनिवारी तिला कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, आणि पोरीच्या अंगात काय गेलं, हे ते आधी विचारणार. ह्यांनी जेल फेकून दिलंय, दिवसातून तीनदा साबणाने खांदे घासतात, तरी तिला जवळ घेत नाहीत. काल संध्याकाळी तिला धाप लागली. पंप घेऊन ती पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि "मी काय केलं?" असं आजोबांना विचारत राहिली.

शुक्रवारी, १४ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत मला उत्तर हवंय. लेखी, तुझ्या सहीचं. आपल्या कॉन्व्हेंटात सिस्टर अर्धं वाक्य घेत नसत. मीही घेणार नाही. खरं होतं, की नव्हतं, पूर्ण वाक्यात लिही.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
कमळा